रेड लिस्ट : शिक्क्याखालची ओळ वाचायला शिकवणारं संकेतस्थळ

दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमातल्या पहिल्या सत्राच्या निबंधात मी लिहिलं होतं, 'लेदरबॅक कासव ही असुरक्षित प्रजाती आहे.' तपासून आलेल्या प्रतीत त्या ओळीखाली लाल शाईत प्रश्न होता, 'कुठल्या समुद्रातलं?'

मला तेव्हा रागच आला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी एकवीस वर्षं गेली आहेत, आणि उत्तर कुठून घ्यायचं एवढं मला कळतं असा माझा समज होता. कोणती प्रजाती नष्ट होण्याच्या किती धोक्यात आहे ते सांगणारी आययूसीएन या संघटनेची यादी म्हणजे रेड लिस्ट. तिचं संकेतस्थळ उघडून, पानाच्या माथ्यावरचा, धोक्याची पायरी दाखवणारा पिवळा शिक्का बघूनच मी ते वाक्य लिहिलं होतं. रात्री तेच पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच खालपर्यंत वाचत गेले. जागतिक पातळीवर 'व्हल्नरेबल' म्हणजे असुरक्षित, मूल्यांकन २०१३ सालचं. पण त्याच पानाला जोडून या कासवाच्या सात उपसमूहांची सात वेगळी पानं होती. पूर्व पॅसिफिक, पश्चिम पॅसिफिक, नैर्ऋत्य हिंदी महासागर आणि नैर्ऋत्य अटलांटिक या चारही ठिकाणी शिक्का 'क्रिटिकली एंडेंजर्ड', म्हणजे अतिसंकटग्रस्त. ईशान्य हिंदी महासागर आणि आग्नेय अटलांटिकसाठी पुरेशी माहितीच नाही. सातवा, वायव्य अटलांटिकमधला, २०१३ साली 'लीस्ट कन्सर्न' होता, म्हणजे फारशी काळजी नाही. २०१९ मध्ये तोही 'एंडेंजर्ड' म्हणजे संकटग्रस्त झाला. माझं वाक्य चुकीचं नव्हतं, पण त्यातून कुणालाही काहीही कळत नव्हतं.

त्या रात्रीपासून गेली अडीच वर्षं मी हे संकेतस्थळ जवळजवळ रोज उघडते आहे. नोकरी सांभाळून दूरशिक्षणानं संवर्धन जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला, तो आता संपत आला. या काळात पुस्तकं घेतली, व्याख्यानं ऐकली, एका महागड्या ऑनलाइन वर्गाचे पैसेही भरले. त्या वर्गाचं नाव घेत नाही. निकषांवर त्यांनी सगळा मिळून पाऊण तास दिला आणि तोही आकडे वाचून दाखवण्यात गेला. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या प्राण्यांच्या संवर्धनाचा खरा अभ्यास माझा या एका मोफत संकेतस्थळावर झाला, म्हणून त्याचं हे परीक्षण. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण का कापला तेही सांगते, पण आधी ते वापरायचं कसं ते सांगायला हवं, कारण बहुतेक जण माझ्यासारखंच माथ्यावरचा शिक्का बघून पान बंद करतात.

थोडक्यात ओळख. आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली, रेड लिस्ट १९६४ पासून आहे. ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत १,७२,६२० प्रजातींची मूल्यांकनं होती आणि त्यांतल्या ४८,६४६ प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात होत्या. यात वनस्पती आणि बुरशीही येतात. मी प्राण्यांपुरतंच बोलणार आहे. वाचायला नोंदणी लागत नाही. नकाशे आणि तक्ते उतरवून घ्यायचे तर खातं उघडावं लागतं आणि कशासाठी हवेत ते लिहावं लागतं. अभ्यासासाठी त्याचेही पैसे नाहीत.

आता शिक्क्याखालची ओळ. प्रत्येक धोक्यातल्या प्रजातीच्या पानावर शिक्क्यासोबत एक सांकेतिक ओळ असते. लेदरबॅकच्या जागतिक पानावर ती 'ए२बीडी' अशी आहे. माझ्या लेखी या संकेतस्थळाचा सगळा जीव या चार अक्षरांत आहे. 'ए' म्हणजे संख्येतली घट हा निकष लावला आहे. '२' म्हणजे घट होऊन गेली आहे आणि तिचं कारण अजून थांबलं नसेल, किंवा नीट समजलं नसेल, किंवा परत फिरवता येण्यासारखं नसेल. 'बी' म्हणजे प्राणी थेट मोजलेले नाहीत, एखाद्या निर्देशांकावरून अंदाज बांधला आहे. कासवांच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या घरट्यांची मोजणी. 'डी' म्हणजे माणसाकडून होणारं शोषण : अंडी उचलणं, मांसासाठी मारणं, मासेमारीत सापडून मरणं. पूर्ण परिच्छेदाचा मजकूर चार अक्षरांत बसवला आहे. हे वाचता यायला लागलं आणि एखाद्या कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास समोर उघडा पडावा तसं वाटलं.

निकष पाच आहेत, ए ते ई. (ओळीतली आकड्यानंतरची छोटी 'बी', 'डी' ही अक्षरं वेगळी, ती या निकषांची नावं नव्हेत.) ते पाठ करू नका, एकेक प्राणी धरून शिका. मी तसंच केलं.

'ए' मला गिधाडांनी शिकवला. पांढऱ्या पाठीचं गिधाड २००० साली अतिसंकटग्रस्त ठरलं. ती मरतात कशानं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रोग असावा असा तर्क होता. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यामागे आहे हे सिद्ध करणारा शोधनिबंध २००४ मध्ये आला. मेलेल्या जनावरात औषधाचा अंश उरतो आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. पुढे २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद केला. कारण सापडण्याच्या चार वर्षं आधी यादीनं धोक्याची पायरी ठरवली, कारण 'ए' निकष घटीचा वेग विचारतो, खुनी कोण ते विचारत नाही. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल त्यात ८० टक्के घट झाली तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के झाली तर संकटग्रस्त, ३० टक्के झाली तर असुरक्षित. (घटीचं कारण कळलेलं, थांबलेलं आणि परतवता येणारं असेल तर हेच उंबरे ९०, ७० आणि ५० टक्के होतात.) मला हा शहाणपणाचा नियम वाटतो. कारण सापडेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर ती चार वर्षं हातातून गेली असती.

'तीन पिढ्या' या दोन शब्दांपाशी मात्र थांबा. मी इथे दोन आठवडे अडकले होते. उंदराच्या तीन पिढ्या दहा वर्षांत कितीदा तरी होऊन जातात, म्हणून त्याला दहा वर्षांचा काळ लागतो. लेदरबॅकची एक पिढी साधारण तीस वर्षांची धरली जाते. म्हणजे त्याच्या घटीचा हिशेब मांडायला नव्वद वर्षं मागे जावं लागतं, आणि नव्वद वर्षांपूर्वी किनाऱ्यावर बसून घरटी मोजणारं कोण होतं? त्यामुळे अशा पानांवर 'संख्या' हा भाग आकड्यांपेक्षा गृहीतकांनी भरलेला असतो. ती गृहीतकं तिथे उघडपणे लिहिलेली असतात, ही या संकेतस्थळाची सगळ्यात मोठी सचोटी. 'आम्ही असं मानलं, कारण...' अशी वाक्यं शोधून खूण करत चला. ध्रुवीय अस्वलाच्या पानावर तर हिशेब भविष्याकडे तोंड करून मांडला आहे. त्याची ओळ 'ए३सी'. पिढी साडेअकरा वर्षांची, तीन पिढ्या म्हणजे सुमारे पस्तीस वर्षं, आणि समुद्रावरचं बर्फ कमी होत जाणार म्हणून पुढच्या तेवढ्या काळात ३० टक्क्यांहून अधिक घट होण्याची शक्यता. अस्वलं आज किती आहेत हा प्रश्न त्या ओळीत दुय्यम आहे.

'सी' निकष, म्हणजे कमी आणि घटत्या संख्येचा, हिमबिबट्यानं शिकवला आणि त्याच्यामुळे वर्गात चांगली चर्चाही झाली. २०१७ मध्ये हिमबिबट्या संकटग्रस्तमधून असुरक्षितमध्ये आला. मी ते फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एक पायरी खाली आला म्हणजे वाढले ना ते?" नाही, वाढले नाहीत. प्रजननक्षम प्राणी २,५०० पेक्षा कमी असतील आणि घट ठरावीक वेगानं चालू असेल तर 'संकटग्रस्त'. नव्या मूल्यांकनात प्रजननक्षम हिमबिबट्यांचा अंदाज २,७१० ते ३,३८६ असा आला, म्हणून उंबरा ओलांडला गेला. डोंगरात बिबटे तेवढेच होते, मोजणाऱ्यांची माहिती बदलली. या निर्णयावर तज्ज्ञांमध्ये जोरदार वाद झाला, आणि तो वाचण्यासारखा आहे. संकेतस्थळावर 'सांख्यिकी सारांश' या विभागात सातव्या क्रमांकाचा तक्ता आहे. पायरी बदललेल्या प्रत्येक प्रजातीपुढे बदल खरा की नुसता माहितीतला, ते तिथे एका अक्षरानं नोंदवलेलं असतं. वर्तमानपत्रात 'अमुक प्राणी वाचला' अशी बातमी आली की मी आधी तो तक्ता उघडते. विद्यार्थ्यांनाही तीच सवय लावली आहे.

खऱ्या बदलाचं उदाहरण हवं असेल तर आयबेरियन लिंक्सचं पान वाचा. २००१ मध्ये प्रजननक्षम लिंक्स उरले होते ६२. २०२२ मध्ये ते ६४८ झाले. पायऱ्या बघा : २००२ मध्ये अतिसंकटग्रस्त, २०१५ मध्ये संकटग्रस्त, २०२४ मध्ये असुरक्षित. संवर्धनासाठी काय काय केलं त्याची यादी पानावर आहे : बंदिस्त प्रजनन करून पिल्लं पुन्हा रानात सोडली, अधिवास सुधारले, रस्त्यांवरचे मृत्यू कमी करायचे उपाय केले, आणि सशांची संख्या वाढवली. कारण हा लिंक्स जवळजवळ पूर्णपणे सशांवर जगतो. इथून एक दुवा दाबून मी सशाच्या पानावर गेले आणि थबकले. युरोपियन ससा, ज्याच्या उपद्रवानं ऑस्ट्रेलियातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या हैराण आहेत, तो रेड लिस्टवर संकटग्रस्त आहे! यादी प्रजातीला तिच्या मूळ क्षेत्रात तोलते. मूळच्या आयबेरियन द्वीपकल्पात हा ससा विषाणूजन्य रोगांनी कोसळला आहे. माणसानं इतरत्र नेऊन सोडलेले कोट्यवधी ससे या हिशेबात येत नाहीत. भक्षक आणि भक्ष्य यांची पानं अशी शेजारीशेजारी ठेवून वाचली की अन्नसाखळीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता समुद्र. माझ्याकडे दोन वह्या आहेत, तपकिरी जमिनीसाठी आणि निळी समुद्रासाठी. तपकिरी वही चार महिन्यांत भरली. निळी वही सावकाश भरत गेली, आणि जे शिकण्यासारखं होतं ते त्या सावकाशीतच होतं.

जमिनीवरचा प्राणी संपला तर कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं. समुद्रात मोजणी मुळात जाळ्यात काय आलं यावरून होते. जावा स्टिंगरी हा पाकटाच्या जातकुळीतला छोटा मासा. त्याचा एकच नमुना माणसाच्या हाती लागला, तोही १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारातून. डिसेंबर २०२३ मध्ये रेड लिस्टनं त्याला नामशेष ठरवलं. माणसामुळे संपलेला समुद्री मासा म्हणून झालेली ही पहिली नोंद. एकच नमुना आणि मग एकशे साठ वर्षांची शांतता. असा निर्णय घेताना किती शोध पुरेसा मानायचा, कुठे, किती काळ, कोणत्या ऋतूत, हे सगळं त्या पानाच्या समर्थनात आहे. मी निळ्या वहीत ते पूर्ण उतरवून काढलं आहे.

घाईनं नामशेष म्हणण्यात धोका असतो हे मी जमिनीवरच्या एका पक्ष्यावरून शिकले होते. सेबू बेटावरचा फ्लॉवरपेकर, बेटावरचं जंगल संपलं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपला असं धरलं गेलं, आणि १९९२ मध्ये तो पुन्हा दिसला. संपला म्हटलं की पैसा आणि प्रयत्न थांबतात, आणि मग तो खरंच संपू शकतो. म्हणूनच यादीत 'अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष' अशी एक खूण ठेवलेली आहे. ती खूण असलेल्या प्रजाती वेगळ्या काढून वाचाव्यात. मला त्या वाचताना त्रास होतो, तरी वाचते.

'बी' निकष म्हणजे क्षेत्रफळाचा. तो जमिनीवर समजायला सोपा, समुद्रात अवघड. त्यासाठी खवलेपायी गोगलगाय बघा. हिंदी महासागराच्या तळाशी गरम पाणी ओकणारी धुराडी आहेत, तिथे ही राहते. तिच्या पायावर खवले असतात आणि त्यांवर लोहाच्या संयुगाचं कवच चढलेलं असतं. मूल्यांकनाच्या वेळी ती फक्त तीन ठिकाणी माहीत होती. २०१९ मध्ये ती संकटग्रस्त ठरली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ती पहिली प्रजाती. हे खाणकाम तेव्हा तिथे सुरूही झालेलं नव्हतं, शोधाचे परवाने दिले गेले होते. मग अतिसंकटग्रस्त का नाही, असं मी वहीत लिहिलं आणि निकषांचा तक्ता काढून बसले. ठिकाण एकच असेल तर अतिसंकटग्रस्त, पाचपर्यंत असतील तर संकटग्रस्त, दहापर्यंत असतील तर असुरक्षित. आणि 'ठिकाण' म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एका संकटाच्या एका तडाख्यात जेवढा भाग सापडेल तेवढा एक. ही व्याख्या मी वर्षभर चुकीची समजत होते. गोगलगाईनं ती नीट केली.

प्राणी जिवंत उरलेले असूनही प्रजाती संपत कशी जाते, हे पांढऱ्या अबॅलोनीवरून कळतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचा हा शिंपल्यातला जीव अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतो. नर-मादी एकमेकांच्या जवळ असतील तरच फलन होतं. १९७० च्या दशकात त्याची बेसुमार मासेमारी झाली. जे उरले ते इतके विखुरलेले की जिवंत असूनही वंश पुढे जाईना. नुसतं डोक्यांची मोजणी करून हे दिसत नाही, घनता बघावी लागते. जमिनीवरच्या प्राण्यांवर वाढलेल्या माझ्या डोक्याला हे समजायला वेळ लागला.

आणि ट्यूना. २०२१ मध्ये अटलांटिक ब्लूफिन संकटग्रस्तमधून थेट 'लीस्ट कन्सर्न'ला आला. मासेमारीच्या कोट्यांची अंमलबजावणी झाली की काय होतं त्याचं हे मोठं उदाहरण. पण पान खालपर्यंत वाचा : सावरला तो मुख्यतः पूर्वेकडचा, भूमध्य समुद्रात वीण करणारा मोठा साठा. मेक्सिकोच्या आखातात वीण करणारा पश्चिमेकडचा साठा १९७० च्या दशकापासून निम्म्याहून अधिक घटलेला आहे. जागतिक सरासरीत मोठा गट लहान गटाला झाकून टाकतो. पुन्हा तोच लाल शाईतला प्रश्न, कुठल्या समुद्रातला?

ऑक्टोबर २०२५ मधली आवृत्ती आली त्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं. हिरवं समुद्री कासव १९८० च्या दशकापासून संकटग्रस्त होतं. त्या दिवशी ते 'लीस्ट कन्सर्न' झालं. जगभरातली संख्या १९७० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी वाढली होती. किनाऱ्यांवरच्या माद्या आणि अंडी राखली, जाळ्यांतून कासवं निसटावीत म्हणून साधनं बसवली, अंडी-मांसाची काढणी कमी केली; चार-पाच दशकं हजारो माणसांनी हे केलं. पान वाचताना माझे डोळे भरून आले. मग त्याच दिवशीच्या यादीत पुढे गेले. हूडेड सील असुरक्षितवरून संकटग्रस्त. दाढीवाला सील आणि हार्प सील 'लीस्ट कन्सर्न'वरून 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. कारण मुख्यतः वितळणारं समुद्री बर्फ. बारीक चोचीचा कर्ल्यू हा पक्षी, १९९५ मध्ये मोरोक्कोत शेवटचा दिसलेला, नामशेष. निळ्या वहीच्या एकाच पानावर कासव आणि सील शेजारी लिहिले आहेत. कासवाचा धोका किनाऱ्यावर पहारा देऊन कमी करता आला. सीलचा तसा होणार नाही, त्याच्या पायाखालचं बर्फच जातं आहे.

आता कापलेला अर्धा गुण.

पहिली गोष्ट, जुनी पानं. दहा वर्षांहून जुन्या मूल्यांकनावर 'अद्ययावत करणं आवश्यक' अशी सूचना असते, पण ती ठळक नसते आणि शिक्का मात्र ठळक असतो. हॉक्सबिल कासवाचा 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का मी वाचला तेव्हा २००८ च्या मूल्यांकनावर उभा होता. विद्यार्थ्यानं मूल्यांकनाचं वर्ष आधी बघावं, शिक्का नंतर. मूल्यांकनं बहुतांशी तज्ज्ञांच्या स्वयंसेवेवर चालतात हे मला माहीत आहे, म्हणून फार गुण कापवत नाहीत.

दुसरी, 'डेटा डेफिशियंट', म्हणजे पुरेशी माहिती नसलेल्या प्रजातींच्या गटाचा करडा रंग. करडा रंग डोळ्यांना निरुपद्रवी वाटतो. मीही सुरुवातीला अशा प्रजाती वगळून पुढे जात होते, ही माझी अभ्यासातली सर्वांत मोठी चूक. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिती प्रारूपानं असा अंदाज काढला की या गटातल्या ५६ टक्के प्रजाती प्रत्यक्षात धोक्यात असाव्यात, आणि उभयचरांपुरतं पाहिलं तर ८५ टक्के. माहिती नसणं हेच पुष्कळदा दुर्मिळतेचं लक्षण असतं. समुद्रात हा गट फार मोठा आहे, म्हणून निळी वही भरताना त्याला वगळून चालतच नाही.

तिसरी, कुणाची पानं आहेत आणि कुणाची नाहीत. पक्षी झाडून सगळे तपासलेले. सस्तन प्राणी जवळजवळ सगळे. शार्क आणि पाकटांची दोनदा तपासणी झाली. २०२१ मध्ये त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक प्रजाती धोक्यात निघाल्या, कारण अतिमासेमारी. पण नावं मिळालेले कीटकच दहा लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांतले अगदी थोडेच यादीत आहेत. समुद्रातले कृमी, स्पंज, लहान कवचधारी यांचीही तीच गत. 'यादीत नाही' याचा अर्थ 'सुरक्षित' असा कुणी घेऊ नये.

नकाशांबद्दलही एक इशारा. रंगवलेलं विस्तारक्षेत्र म्हणजे तो प्राणी त्या रंगात सगळीकडे भेटतो असं नाही. ती बाहेरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष नोंदी हव्या असतील तर जीबीआयएफ उघडा, समुद्रासाठी ओबीआयएस, माशांच्या वाढीची आणि वयाची माहिती हवी तर फिशबेस. मी हे तिन्ही रेड लिस्टच्या शेजारच्या खिडक्यांत उघडे ठेवते.

मजकूर बहुतेक सगळा इंग्रजीत आहे. सुरुवातीला एक पान वाचायला मला दीड तास लागायचा. पण शब्दसंग्रह ठरावीक असल्यानं वीस-पंचवीस पानांनंतर वेग येतो. निकषांचा दोन पानी तक्ता छापून भिंतीवर लावा. निकष लावायला शिकवणारं त्यांचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षणही आहे. ते कोरडं आहे, पण माझ्या त्या महागड्या वर्गापेक्षा पुष्कळ उपयोगी पडलं.

माझी वाचायची रीत सांगते. पान उघडल्यावर शिक्क्यावर हात ठेवायचा, खरोखर हात. आधी 'संख्या' हा भाग, मग 'विस्तार', मग 'धोके'. वहीत स्वतःचा निर्णय लिहायचा : कोणता निकष, कोणती पायरी. मग हात काढायचा. पहिल्या पन्नास प्रजातींत माझे सतरा निर्णय बरोबर आले. नंतरच्या पन्नासांत एकतीस. वर्गात मुलांना हे फार आवडतं, कारण ती तज्ज्ञांशी भांडू शकतात आणि भांडताना पुरावा द्यावा लागतो. मूल्यांकन करणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची नावंही पानावरच असतात, म्हणजे मतभेद हवेत राहत नाही.

निबंधात उल्लेख करताना पानाचं मूल्यांकनाचं वर्ष आणि यादीची आवृत्ती दोन्ही लिहा, आणि उपसमूह असतील तर कोणता तेही. माझ्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प लेदरबॅकवरच आहे. त्याच्या शीर्षकात या वेळी 'पूर्व पॅसिफिकमधलं' हा शब्द आहे.